एक मिनिट कुणी बोलायचं नाही

व्हर्निस टॉलिव्हर मला पहिल्यांदा भेटली ती एका अनोळखी आजीबाईंच्या स्वयंपाकघरात. मी डेट्रॉइटच्या त्या रेडिओ स्टेशनवर ध्वनिसंपादनाच्या कामावर नुकतीच रुजू झाले होते. आधी बाहेर जाऊन ऐकायला शीक, मग कापाकापी कर, असं सांगून साहेबांनी मला परस्पर ती मुलाखत घेत होती तिथे, शहराच्या पूर्व भागात पाठवलं होतं. मुलाखत संपली. आजीबाईंनी कॉफीचे मग पुढे केले आणि मी आपल्या सवयीप्रमाणे "नको नको, कशाला उगीच" सुरू केलं. तेवढ्यात व्हर्निसनं माईक स्वतःच्या तोंडाशी घेतला आणि म्हणाली, "मिसेस पेटवेंचं स्वयंपाकघर. आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. हलायचंही नाही. आपण फक्त या खोलीचं ऐकणार आहोत."

कॉफीचा मग हातात धरून मी तशीच उभी राहिले. फ्रिज घुमत होता. खिडकीची एक काच सैल असावी, वाऱ्यानं ती बारीक थरथरत होती. मिनिट संपल्यावर व्हर्निस म्हणाली, "थँक यू. आता कॉफी."

आमच्या धंद्यात याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. माणसाचं बोलणं कापून जोडताना मध्ये जी फट पडते, ती त्याच खोलीच्या शांततेनं भरावी लागते, नाही तर ऐकणाऱ्याचा कान अडखळतो. बाकीचे लोक जेमतेम काही सेकंद रेकॉर्ड करतात आणि निघतात. व्हर्निसचं मिनिट म्हणजे मिनिट. घर कुणाचंही असो, गव्हर्नरच्या कचेरीतही तिनं त्याच सुरात सगळ्यांना गप्प बसवलेलं मी पाहिलंय.

उंच बाई. केस बारीक कापलेले आणि पांढरे, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात, मनगटावर वडिलांचं मोठं पुरुषी घड्याळ. आणि आवाज. आवाज कापून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही त्याचं वर्णन नीट जमत नाही. खालच्या पट्टीतला, सावकाश, जाड घोंगडीसारखा. ऊब द्यायचा आणि थोडा टोचायचाही. आई दक्षिणेकडच्या अलाबामाची, जन्म डेट्रॉइटचा, आणि ही दोन्ही ठिकाणं तिच्या प्रत्येक वाक्यात ऐकू यायची. असा आवाज रेडिओ स्टेशनात असून रेडिओवर नव्हता, हे कळायला मला थोडे दिवस लागले. कळल्यावर मी चक्रावलेच.

काम असं चालायचं. विषय शोधायचा व्हर्निसनं. माणसं गाठायची, त्यांना बोलतं करायचं, लिहायचं, सगळं व्हर्निसनं. मग ती ते लिहिलेलं स्वतःच्या आवाजात कच्चं वाचून ठेवायची, म्हणजे लांबी कळते, कुठे थांबायचं ते कळतं. या कच्च्या आवाजाला स्क्रॅच म्हणतात. त्यावरून मेरेडिथ ही आमची निवेदिका स्टुडिओत येऊन पक्कं वाचायची. ते झालं की स्क्रॅच पुसून टाकायचा. पूर्वी कधीतरी दोन्ही आवाज एकमेकांवर चढून प्रसारित झाले होते म्हणे, तेव्हापासून नियमच झाला, की पक्का आवाज आला की कच्चा उडवायचा. मीही इमानदारीत उडवत होते. दर आठवड्याला व्हर्निस वाचायची आणि दर आठवड्याला ती पुसली जायची.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी नागपूरची. लग्नाआधी आकाशवाणीवर अधूनमधून निवेदन करायची, आणि चांगली करायची, उगीच नम्रपणा कशाला. मग उल्हासशी लग्न झालं, तो इथे गाड्यांच्या कंपनीत, आम्ही डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आलो. व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. पोळ्या केल्या, लेकीला, रुचाला वाढवलं. कागद हातात आले तेव्हा कॉलेजात जाऊन आवाजाचं तंत्र शिकले आणि स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे, यंत्रांपाशी बसले. काचेच्या पलीकडे जायचा विचारही केला नाही. माझे उच्चार ऐकून कोण मला माईक देणार? तो प्रश्न मी स्वतःच विचारून स्वतःच मिटवून टाकला होता.

व्हर्निसनं मिटवला नव्हता. तिला रेडिओवर बोलायचं होतं. लहान असताना चर्चमध्ये रविवारच्या सूचना वाचायचं काम तिच्याकडे होतं. कोण आजारी आहे, कुणाची अंत्ययात्रा कधी, बाहेरगावाहून कोण पाहुणे आलेत. पुढच्या बाकावरच्या हॅटवाल्या बायका म्हणायच्या, ही पोरगी एक दिवस रेडिओवर येणार. बायका बोलून विसरल्या. तिच्या आईनं मात्र ते मनात धरून ठेवलं.

आई, मिसेस अर्नेस्टीन टॉलिव्हर, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात होती. आयुष्य मशीनवर गेलं. आता वृद्धाश्रमात, मधुमेहानं दृष्टी गेलेली, आणि उशाशी एक जुना रेडिओ सतत चालू. आमचा कार्यक्रम संपला की तिचा फोन यायचा. व्हर्निस तो स्पीकरवर घ्यायची, म्हणून मी अनेकदा ऐकलाय.

"हे तुझं होतं?"

"हो, ममा."

"मग ती दुसरी मुलगी का बोलत होती?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. व्हर्निस हसली नाही, आणि मग मीही पुन्हा कधी हसले नाही.

कारणं तिला वेळोवेळी दिली गेली होती. तरुण होती तेव्हा सांगितलं, बोली फार जड आहे. तिनं पदरमोड करून उच्चारांची शिकवणी लावली आणि आवाज घासूनपुसून गुळगुळीत केला. मग म्हणाले, आता त्यात ऊब नाही. पुढचे साहेब म्हणाले, श्रोत्यांना सवय नाही. त्यापुढचे म्हणाले, तुझी खरी ताकद पडद्यामागे आहे, तिथून तुला हलवलं तर आमचं कसं होणार. अमेरिकेत नकार इतक्या गोड शब्दांत देतात की माणूस थँक यू म्हणून बाहेर पडतो, आणि पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचल्यावर त्याच्या ध्यानात येतं की आपल्याला नाही म्हणाले.

स्टेशनवर शिकाऊ म्हणून व्हर्निससारख्याच काळ्या मुली यायच्या. दरवर्षी एखादी, हुशार, घाबरलेली, नवे बूट घालून आलेली. "मिस व्हर्निस" म्हणत तिच्या मागे मागे फिरायच्या. ती त्यांना मुलाखत शिकवायची, लिहायला शिकवायची, पण सगळ्यात जास्त वेळ घालवायची ते त्यांचं स्वतःचं नाव उच्चारायला शिकवण्यात. वृत्तांताच्या शेवटी वार्ताहर आपलं नाव सांगतो ना, तिथे या मुलींचा आवाज खाली जायचा. व्हर्निस टेबलावर बोट आपटायची. "नावाची शेपटी खाली पडू देऊ नकोस. पुन्हा म्हण." मुली म्हणायच्या, पुन्हा पुन्हा म्हणायच्या. मग दोनेक वर्षांत त्या न्यूयॉर्कला, अटलांटाला जायच्या. एकीचा आता स्वतःच्या नावाचा कार्यक्रम आहे. प्रत्येकीला निरोप द्यायला व्हर्निस घरून केक करून आणायची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलायची सोय नसायची. मी डब्यातली थालीपीठं तिच्या टेबलावर ठेवून मुकाट्यानं परत यायची. ती त्यावर हॉट सॉस ओतून खायची. ते पाहणं मला सहन व्हायचं नाही, पण त्या दिवशी मी काही बोलायची नाही.

एका वर्षी मी तिला ट्रॉयमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीला बोलावलं. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, पोरं इंग्रजीत दंगा करताहेत, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण ते नेहमी माझ्याकडेच असतं. व्हर्निस जांभळा सूट आणि तशीच हॅट घालून पहिल्या रांगेत बसली. एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत बसली. कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं छान म्हणेल. बाहेर गाडीपाशी आलो तर बाई भडकलेली.

"असा आवाज आहे तुझा, आणि माझ्यापासून लपवलास?"

मी म्हटलं, लपवला कुठे, हे आमच्या भाषेतलं, आमच्या माणसांसाठी. तिकडे स्टेशनवर कुणाला हवा असणार?

"मिस इला, नको असेल तर ते त्यांनी सांगायचं. त्यांचं काम तू का करतेस?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले. एरवी माझ्याकडे उत्तर तयार असतं, उल्हासला विचारा.

दुसऱ्या दिवशी शोभनाकाकूंचा फोन. काकू आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या, नवरा डॉक्टर, आता दोघंही निवृत्त. इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आल्या. "इला, तू रोज डेट्रॉइटला एकटी ड्राइव्ह करतेस ना गं? सांभाळून हं. काल ती आली होती ती चांगली वाटली, नाही असं नाही, पण त्यांच्यातले सगळे काही तसे नसतात." मी विचारलं, काकू, आपल्यातले सगळे कसे असतात? काकूंना कुकरची शिट्टी ऐकू आली आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी महिने आमचं बोलणं नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तो उन्हाळा आला, पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला म्हणून देशभर मोर्चे निघाले, आणि आमच्या स्टेशनला एकदम जाग आली. समित्या झाल्या. कॉरिडॉरमध्ये मोठी पोस्टरं लागली, त्यातल्या एकावर व्हर्निस हेडफोन घालून हसते आहे. देणगीदारांना जाणाऱ्या पत्रकावरही तिचाच फोटो. फोटो सगळीकडे, आवाज कुठेच नाही. ती त्या पोस्टरजवळून जाताना त्याला "गुड मॉर्निंग, व्हर्निस" म्हणायची आणि पुढे जायची.

पुढे काही वर्षांनी केटलिन नावाची नवी साहेबीण आली. वयानं लहान, आणि खरं सांगते, मनानं सरळ. व्हर्निस तिच्याकडे एक विषय घेऊन गेली, सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांचा. या शहरात गाड्या बनवणाऱ्या पुरुषांवर मणभर लिहून झालंय, पण त्या गाडीत आपण ज्याच्यावर बसतो ते शिवणाऱ्या बायकांचं कुणी विचारलं नाही. चार बायका, चौघी आईच्या बरोबरच्या. आईला त्यात घेता येत नव्हतं, कारण नात्यातल्या माणसावर वृत्तांत करायचा नाही हा नियम. "ममा त्यात नसेल," व्हर्निस मला म्हणाली, "पण मी असेन." केटलिनपुढेही तिनं हीच अट ठेवली, की वाचणार मी. केटलिन म्हणाली, अर्थातच, पण हे इतकी वर्षं कुणी केलं कसं नाही? व्हर्निस बाहेर आली आणि माझ्या खोलीत येऊन बसली. मग म्हणाली, "इतकं सोपं होतं." आणि तिचे डोळे भरून आले.

रेकॉर्डिंगला काचेच्या अलीकडे मीच होते. तिनं बूट काढून ठेवले, चष्मा लावला आणि सुरू केलं. पण आवाज तिचा नाही. गुळगुळीत, शिकवणीतला, पैसे देऊन आणलेला. मी बटण दाबून विचारलं, "व्हर्निस, ही कोण बाई आलीये?" ती इतकी हसली की टेबलाला धरून बसावं लागलं. त्यानंतर तिनं वाचलं ते तिच्या आवाजात, अलाबामा आणि डेट्रॉइटसकट. चौघी बायका माझ्यासमोर येऊन बसल्यासारख्या वाटल्या. शेवटी नाव सांगायचं होतं. "मी व्हर्निस टॉलिव्हर." मुलींना टेबलावर बोट आपटून शिकवणाऱ्या बाईच्या नावाची शेपटी पहिल्यांदा खाली पडली. दुसऱ्यांदा आवाज फुटला. तिसऱ्यांदा तिनं ते नाव सांगितलं, आणि मी काचेच्या अलीकडे रडत होते.

प्रसारण पुढच्या शनिवारी सकाळी होतं. अंतिम मिक्सिंग तेवढं बाकी, आणि मला नागपूरला जायचं होतं, भाची स्वानंदीच्या लग्नाला. रजा कधीचीच मंजूर होती. माझं काम ग्रेगकडे गेलं. ग्रेग आमच्यातला सगळ्यात जुना आणि भला माणूस, त्याच्या हातून कधी काही चुकत नाही असा. त्यानं फाइल उघडली. व्हर्निसचा आवाज तिथेच होता जिथे तो इतकी वर्षं असायचा, स्क्रॅचच्या जागी. तिनं माईक लावला की संगणक तिला आपोआप तिथेच नेऊन ठेवायचा. ग्रेगनं नेहमीप्रमाणे मेरेडिथला बोलावलं. मेरेडिथनं नेहमीप्रमाणे सुरेख वाचलं. मग ग्रेगनं नेहमीप्रमाणे कच्चा आवाज पुसला. केटलिन सुट्टीवर होती. या वेळी वेगळं आहे हे तिला, मला आणि व्हर्निसला ठाऊक होतं, आणि तिघींपैकी कुणालाच वाटलं नाही की ते ग्रेगला सांगावं लागेल.

शनिवारी व्हर्निस आईकडे होती. आईचे केस तिनं आदल्या दिवशी विंचरून वेण्या घालून दिल्या होत्या. आईनं चर्चची हॅट घातली होती, रेडिओसाठी. चौघींपैकी ज्या दोघी अजून चालूफिरू शकत होत्या, त्याही आल्या होत्या. रेडिओ लावला. सीट शिवण्याच्या मशीनचा आवाज आला, आणि मग मेरेडिथ बोलायला लागली.

व्हर्निसनं हे मला मी परत आल्यावर सांगितलं, एकदाच. म्हणाली, पहिल्या वाक्याला वाटलं ही प्रस्तावना असेल. आईलाही तसंच वाटलं असावं. ती हात मांडीवर ठेवून, कान पुढे करून, सगळं संपेपर्यंत शहाण्या मुलीसारखी बसून राहिली. शेवटी मेरेडिथनं स्वतःचं नाव सांगितलं, मागोमाग हवामान सुरू झालं, तेव्हा आईनं विचारलं, "मग तू कधी येणार?"

सोमवारी व्हर्निस कामावर आली. ग्रेग तिच्यासमोर उभा राहून लहान मुलासारखा रडला. तिनं त्याचा खांदा थोपटला. मी परतले तेव्हा मला ग्रेगचा गळा धरावासा वाटत होता, तर तिनं मलाच थांबवलं. "त्याच्यावर चिडू नकोस. त्यानं चूक केली नाही, मिस इला. इथे नेहमी जे करतात तेच त्यानं नीट केलं. मला झोप येत नाही ती त्यामुळेच."

केटलिननं मनापासून माफी मागितली. पुन्हा रेकॉर्ड करू, सप्टेंबरमध्ये इथल्या कामगार दिनाला तुझ्या आवाजात पुन्हा लावू, असं ठरलं. आईसाठी म्हणून व्हर्निस हो म्हणाली. पण त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनहून येणारा सरकारी पैसा थांबला, आणि आमच्यासारख्या सगळ्याच स्टेशनांवर माणसं कमी करायची वेळ आली. जुन्या, पगार जास्त असलेल्या जागा आधी गेल्या. व्हर्निसची गेली. एका दुपारी तिनं खोक्यात चष्म्याची घरं, मुलींचे फोटो आणि हॉट सॉसची बाटली भरली. जाताना पोस्टरपाशी थांबली, पण त्या दिवशी त्याला काही म्हणाली नाही. कामगार दिनाला चौघी बायकांचा कार्यक्रम पुन्हा लागला, मेरेडिथच्याच आवाजात. दुसरा होताच कुठे?

मी तिला म्हटलं, माझ्या घरी ये, तळघरात रेकॉर्ड करू, इंटरनेटवर टाकू, जग ऐकेल. ती म्हणाली, "ममाच्या रेडिओवर इंटरनेट लागत नाही." मी तरी पिच्छा सोडला नाही. शेवटी म्हणाली, बरं, हिवाळा सरू दे.

हिवाळा तिच्याच्यानं सरला नाही. फेब्रुवारीत व्हर्निस राहत्या घरी हृदयविकारानं गेली. मला आधी राग आला, सगळ्यांचा, तिचाही, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. उल्हासनं रजा टाकली आणि माझ्याजवळ बसून राहिला. संध्याकाळी दारावरची बेल वाजली. शोभनाकाकू डबा घेऊन उभ्या होत्या. "माझं चुकलं होतं गं तेव्हा," एवढं म्हणाल्या. मी डबा घेतला.

चर्च भरून गेलं होतं. न्यूयॉर्कच्या, अटलांटाच्या मुली आल्या होत्या, आणि उभं राहून प्रत्येकीनं आधी आपलं नाव सांगितलं, शेपटी खाली पडू न देता. मिसेस टॉलिव्हर पहिल्या बाकावर, हॅट घालून, ताठ. मी जवळ जाऊन हात धरला. त्या मला बेबी म्हणायच्या, पन्नाशी उलटलेल्या बाईला. म्हणाल्या, "बेबी, तू तिथे काम करतेस ना? मला तिचा आवाज आणून दे. चेहरा तर मला आधीच दिसत नव्हता."

केटलिनलाही दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीसाठी तिचा आवाज हवा होता. मी संग्रहात शोधायला बसले. कार्यक्रम शेकड्यांनी, प्रत्येकाच्या शेवटी व्हर्निसचं नाव, आणि ते नाव घेणारी मेरेडिथ. स्क्रॅच एकही नाही, सगळे पुसलेले. फोनवर निरोप ठेवायचा तिला कंटाळा, त्यामुळे माझ्या फोनवरही काही नव्हतं. मुलाखतींचे मूळ टेप होते, पण माईक नेहमी समोरच्या माणसाच्या तोंडाशी, तिचे प्रश्न लांबून कुठून तरी आल्यासारखे, अर्धवट. मी पुढे ढकलत ढकलत एक टेप शेवटपर्यंत नेला. खुर्ची सरकली. आणि एकदम माझ्या कानाशी, अगदी जवळून, व्हर्निस म्हणाली, "मिसेस पेटवेंचं स्वयंपाकघर. आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही."

प्रत्येक टेपच्या शेवटी ती होती. स्वयंपाकघरं, न्हाव्याची दुकानं, चर्चची तळघरं, दवाखान्यातल्या खोल्या. तेवढ्याच वेळी ती माईक आपल्याकडे वळवायची. ते मिनिट संपादनासाठी लागतं, म्हणून कुणी पुसलं नव्हतं.

मी केटलिनकडे घेऊन गेले. तिनं ऐकलं, रडली, आणि म्हणाली की हे लावता येणार नाही, कारण एवढा वेळ शांतता गेली तर यंत्राला वाटतं प्रसारण बंद पडलं आणि अलार्म होतो. तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. श्रद्धांजली मेरेडिथनं वाचली.

मार्चमध्ये मी वृद्धाश्रमात गेले. पिशवीत एक छोटा स्पीकर. मिसेस टॉलिव्हर सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत होत्या. टीव्हीवर बक्षिसांचा कसला तरी खेळ ओरडत होता, दोन म्हाताऱ्या कशावरून तरी वाद घालत होत्या, एक मदतनीस मुलगी औषधांची ढकलगाडी खडखडत नेत होती. मी त्यांना सांगितलं की आवाज मिळालाय, पण फारसा नाही, ती त्यात गोष्ट सांगत नाही. त्या म्हणाल्या, लाव.

मी स्पीकर त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"मिसेस पेटवेंचं स्वयंपाकघर. आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. हलायचंही नाही. आपण फक्त या खोलीचं ऐकणार आहोत."

ढकलगाडी थांबली. भांडणाऱ्या म्हाताऱ्यांनी मान वळवली. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. सगळी खोली गप्प झाली, खरंच कुणी हललं नाही. मिसेस पेटवेंचा फ्रिज घुमू लागला, काच थरथरू लागली, आणि त्याच्याही अलीकडे, माईकपाशी, व्हर्निसचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. स्टेशनवर मी तो शंभरदा ऐकला असेल, आणि दर वेळी त्याच्यावर दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं चिकटवलं असेल.

"थँक यू," व्हर्निस म्हणाली. "आता कॉफी."

मिसेस टॉलिव्हर यांनी दोन्ही हात स्पीकरवर ठेवले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, कोण बोलतंय हे?

"माझी मुलगी," त्या म्हणाल्या. "आली." आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "पुढचं लाव, बेबी."

मी पुढचं लावलं. न्हाव्याचं दुकान होतं. मदतनीस मुलगी ढकलगाडी सोडून खुर्चीत बसली, आणि आम्ही सगळ्या पुन्हा गप्प झालो.